द्विशिक्षकी शाळेतील उपक्रम व वर्गव्यवस्था



भंडारदरा परिसरातील शाळांची प्रदर्शने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुठ्ठ्याचे विल्सन धरण सुपरिचित असेल. निळा कागद म्हणजे जलाशय, कापसाचा झोत म्हणजे छत्री धबधबा आणि मागे हिरव्या रंगाचा रतनगड, अशी ही प्रतिकृती पाहुण्यांस फार आवडते. परंतु ती करणाऱ्या विद्यार्थ्यास धरणाची भिंत किती उंच आहे, हे पाणी येथून कोठे जाते, अथवा भिंतीच्या खालच्या बाजूस शेंडी गाव का वसले, असे प्रश्न विचारले असता बहुधा उत्तर येत नाही. कारण प्रतिकृती त्याने केलेलीच नसते. रात्री बारा वाजेपर्यंत जागून ती गुरुजींनी किंवा घरच्या थोरल्या भावाने केलेली असते. अशा वस्तूस शोभेची वस्तू म्हणावे. उपक्रम हे नाव तिला देऊ नये.

प्रकल्पपद्धतीचा विचार आपल्याकडे नवा नाही. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात हेतू, योजना, कार्यवाही व परीक्षण अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. हेतू मुलाच्या मनात उपजला पाहिजे, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या आणि झाकिर हुसेन समितीने आकारास आणलेल्या मूलोद्योगी शिक्षणाची दिशाही यापासून दूर नव्हती. तथापि खेड्यातील शिक्षकास या दोहोंपेक्षा जवळचा वाटावा असा आदर्श महाराष्ट्रातच घडला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे कार्य केले, त्यात दगडगोटे, पाने, बिया, शिंपले हीच शैक्षणिक साधने होती. गुरे राखावी लागत असल्याने जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेण्यात आली. कुरणशाळा हे नाव पुष्कळांनी डी.एड.च्या पुस्तकात वाचलेले असते. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात नोकरी करणाऱ्यास मात्र त्या नावाचा अर्थ दर वर्षी जुलै महिन्यात नव्याने कळतो.

येथील परिस्थिती ध्यानी घेतल्यावाचून वर्गव्यवस्थेचा विचार करणे व्यर्थ आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि पाठोपाठ पाऊस लागतो. घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत तो पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. वाडीवस्तीवरची शाळा बहुधा दोन शिक्षकांची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत; परंतु इयत्ता पाच असतात आणि त्या दोघांपैकी एकजण वारंवार सभेस, प्रशिक्षणास अगर कार्यालयीन कामास गेलेला असतो. आवणीच्या दिवसांत मोठी मुले खाचरात जातात. भात निघाल्यावर काही कुटुंबे जुन्नर-नारायणगावच्या बागायतीकडे मजुरीस जातात आणि मुलेही बरोबर जातात. चौथीतला जो मुलगा जुलैत तीन आठवडे गैरहजर राहतो, तो परत येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मग तो भिंतीशी गप्प बसतो. हजेरीपटावर तो हजर असतो एवढेच. पुढील वर्षी तो तेवढाही नसतो. वर्गव्यवस्था व उपक्रम यांची कसोटी अशा मुलावरून घ्यावयाची असते. प्रदर्शनातील पारितोषिकावरून नव्हे.

पाच इयत्तांना पाच निरनिराळे पाठ देऊ पाहणारा शिक्षक दुपारपर्यंत थकून जातो, आणि एका इयत्तेस शिकविताना बाकीच्या चार इयत्ता पाठ्यपुस्तकातील उतारा उतरवून काढीत बसतात. यावर उपाय असा की, दिवसातील काही वेळ सर्व शाळेने एकाच विषयाभोवती जमावे आणि प्रत्येक इयत्तेने आपल्या शक्तीप्रमाणे त्यातील वाटा उचलावा. असा विषय भंडारदऱ्याच्या परिसरात शोधावा लागत नाही. तो आपणहून छपरावर वाजत असतो.

पर्जन्यमापकाचा उपक्रम पुष्कळ शाळांत सुरू होतो आणि आठ दिवसांत बंद पडतो, म्हणून तो येथे काहीसा विस्ताराने सांगणे योग्य होईल. दोन लिटरची, सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यावी. मध्ये कमरेस आवळलेली नको. खांद्याखाली ती कापून वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवावा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी खडे घालून ते बुडून वर सपाटी येईल इतके पाणी ओतावे व त्या रेषेवर शून्याची खूण करावी. तेथून वर मोजपट्टी चिकटवावी. कागदाची पट्टी दोन दिवस टिकत नाही, म्हणून प्लास्टिकची जुनी फूटपट्टीच तारेने बांधावी. रोज नोंद झाल्यावर पाणी शून्याच्या खुणेपर्यंतच ओतून द्यावे, सगळे नव्हे. येथेच बहुतेक शाळांचे चुकते आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा कमी येतो. बाटली झाडापासून व इमारतीपासून दूर ठेवावी आणि तिचे तोंड जमिनीपासून सुमारे एक फूट उंच असावे, म्हणजे उडणारे शिंतोडे आत जाणार नाहीत. या भागातील वारा पाहता ती दगडांच्या घेऱ्यात घट्ट बसविलेली बरी. अतिवृष्टीच्या दिवशी बाटली भरून वाहण्याचा संभव असतो. तेव्हा दिवसातून दोनदा नोंद घेऊन बेरीज करावी.

हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते. शाळेजवळ राहणाऱ्या दोघा मुलांकडे हे काम आळीपाळीने देता आले तर उत्तम. ते शक्य नसल्यास घंटेची वेळ ठरवावी आणि ती बदलू नये. सुटीच्या दिवशी नोंद कोण घेणार, हे शनिवारीच फळ्यावर लिहिलेले असावे. आणि ज्या दिवशी नोंद राहिली, त्या दिवसाच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहावे. शेजारच्या दोन दिवसांवरून अंदाजे आकडा भरण्याचा मोह शिक्षकासही होतो, कारण कोरा रकाना तपासणीत वाईट दिसेल अशी त्यास भीती वाटते. तपासणाऱ्याने ती भीती दूर केली पाहिजे. जून ते सप्टेंबरच्या तक्त्यात एकही रकाना कोरा नसणे ही, खरे पाहता, संशयास्पद गोष्ट होय.

आता हा एकच आकडा पाच इयत्तांत कसा वाटला जातो ते पाहावे. समजा, आज ४७ मिलिमीटर पाऊस झाला. पहिलीची मुले दिनदर्शिकेच्या चौकटीत ढग काढतात आणि दर दहा मिलिमीटरांस एक याप्रमाणे थेंब काढतात. दुसरीची मुले काड्यांचे चार गठ्ठे व सात सुट्या काड्या मांडतात. दशक-एकक शिकविण्यासाठी ४७ ही संख्या पुस्तकातून घेण्याऐवजी अंगणातून घेतली, एवढाच येथे फरक. परंतु ती संख्या कोठून आली हे त्या मुलास ठाऊक असते. तिसरीची मुले भिंतीवरील चौकटीत पाच मिलिमीटरांस एक घर या प्रमाणात स्तंभ रंगवितात. ४७ ला नऊ घरे भरून दहावे अर्धे का भरायचे, यावर जो वाद होतो तो होऊ द्यावा. चौथी शनिवारी आठवड्याची बेरीज व सरासरी काढते. पाचवीकडे शाळेचे छप्पर सोपवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळले की ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद जागा व्यापणाऱ्या छपरावर ५० मिलिमीटर पावसात २,४०० लिटर पाणी पडले, हे मुले स्वतः काढतात. त्यानंतर तीच मुले विचारतात की, मग मार्च-एप्रिलमध्ये आईला हंडा घेऊन लांब का जावे लागते. या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ते शिक्षकाने घाईघाईने देऊही नये.

यापुढची पायरी जलाशयाची. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी येथील पाऊस आणि धरणातील साठा नित्य छापून येतो. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. साठा ८,२८० झाला की तो सुमारे ७५ टक्के होतो. शेकडेवारीचा याहून जिवंत पाठ या भागात दुसरा नसेल. चौकस मुलांस आणखी एक गणित द्यावे. दर सेकंदास एक हजार घनफूट वेगाने पाणी सोडले तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी जाते. कालचा साठा ७,५००, आजचा ७,९०० आणि दिवसभर विसर्ग एक हजार असेल, तर नवीन पाणी नुसते ४०० आले नाही, सुमारे ४८६ आले. हे पाणी निळवंड्यात जाते, पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते आणि संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतांत पोहोचते. नकाशावर प्रवरेची रेघ रतनगडापासून ओढीत नेताना घाटमाथ्यावरच्या मुलास आपले गाव जिल्ह्याच्या कडेला नसून पाण्याच्या उगमाशी आहे, हे प्रथमच दिसते. धरणाचे बांधकाम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले, भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर आहे, या गोष्टी मग पाठ करून घ्याव्या लागत नाहीत. पुठ्ठ्याचे धरण करावयाचेच असेल तर ते या टप्प्यावर करावे, आणि प्रमाण मुलांना ठरवू द्यावे.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत दोन-तीन शाळांनी आपापले तक्ते आणले, तर घाटमाथा, शेंडी, राजूर व अकोले यांच्या आकड्यांतील उतार मुलांपुढे मांडता येईल. आकडे जुळले नाहीत तर वेळ निराळी होती की बाटली झाडाखाली होती, याचा शोध घेण्यास मुलांनाच सांगावे.

पाऊस ओसरल्यावर बियाण्यांचा उपक्रम घेता येतो. कोंभाळणे हे गाव याच तालुक्यातील. तेथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावठी वाणांचा जो संग्रह केला, त्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलांनी घरून काळभात, रायभोग, जिरवेल अशा भातांचे, नागलीचे, वरईचे, खुरासणीचे मूठमूठभर दाणे आणावेत आणि प्रत्येक वाणाची माहिती आजीला विचारून लिहावी. हा तक्ता भरताना घरची बोली शाळेत येते. दाण्याची, कणसाची, अवजाराची, पावसाच्या निरनिराळ्या तऱ्हांची जी नावे मुले सांगतात, ती ‘अशुद्ध’ म्हणून खोडू नयेत. तीच फळ्यावर एका बाजूस लिहावी, दुसऱ्या बाजूस पुस्तकातील शब्द लिहावा. महादेव कोळी व ठाकर घरांतून आलेले पहिलीचे मूल कित्येकदा मुके वाटते. ते मुके नसते, त्याचा शब्द वर्गात चालतो की नाही याची त्यास खात्री नसते. वरच्या इयत्तांनी उगवणशक्ती मोजावी. ओल्या फडक्यावर दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावेत आणि दिवसागणिक मोड आलेले मोजावेत. जितके उगवले तितके टक्के. राखेत ठेवलेले दाणे व तसेच ठेवलेले दाणे यांची तुलना पुढील जूनपर्यंत चालू ठेवता येईल.

काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर व जूनच्या आरंभी, शाळेस बहुधा सुटीच असते. तथापि कोणत्या झाडांवर काजवे अधिक दिसले, पर्यटकांच्या गाड्यांच्या दिव्यांनी काय फरक पडला, एवढी टिपणे मुलांनी आणली तरी पुष्कळ झाले. राघोजी भांगरे यांच्याविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून घेणे हाही चांगला उपक्रम आहे. मात्र त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली ही नोंदलेली गोष्ट आणि गावात सांगितली जाणारी आख्यायिका, यांतील भेद पाचवीच्या मुलास दाखवून द्यावा.

वर्गाच्या मांडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पावसाळ्यात येथे खोलीत काळोख असतो, वीज जाते, खडू सादळतो आणि दोरीवर टांगलेले तक्ते आठवड्यात गुंडाळी होऊन बुरशी धरतात. विकत आणलेल्या तक्त्यांवर पैसे घालविण्यापेक्षा भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवून घ्यावा. तो लहान मुलांच्या हातास येतो आणि भिजत नाही. दाराजवळचा उजेड लिहिणाऱ्यांसाठी राखावा. तोंडी काम, काड्या-खड्यांची मोजणी, गोष्ट, पाढे ही कामे आतल्या अंधाऱ्या भागात चालतात. छत्र्या, इरली व घोंगड्या यांसाठी व्हरांड्यात खुंट्या हव्यात. ओल्या घोंगडीवर बसलेल्या मुलाकडून शुद्धलेखनाची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. वह्या व बिया घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि उघडीप पडली की डबे उन्हात उघडण्याचे काम एका गटाकडे असावे.

दिवसाचा आरंभ सर्व शाळेने मिळून नोंदीने करावा. त्यास अर्धा तास पुरे. त्यानंतर पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी ते पाचवी एकत्र, अशा दोन जोडवर्गांत काम चालावे. ज्या दिवशी शिक्षक एकटाच असेल, त्या दिवशीची कामे आगाऊ कार्डांवर लिहून ठेवलेली असावीत. शिक्षक ऐन वेळी फळ्यावर गणिते लिहू लागला की अर्धा तास जातो. पाचवीच्या मुलांनी पहिलीस वाचून दाखवावे हे चांगले, परंतु तेच ते हुशार मूल रोज गटप्रमुख होऊ लागले की ते बिनपगारी शिक्षक बनते आणि त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो. गटप्रमुख दर सोमवारी बदलावा. त्यात मुलीही असाव्यात, आणि पाणी भरणे व झाडणे ही कामे मात्र केवळ त्यांच्याचकडे नसावीत.

आता पुन्हा त्या गैरहजर मुलाकडे वळले पाहिजे. आवणीस गेलेल्या मुलाजवळ लहानशी शेतवही द्यावी. रोपांच्या किती जुड्या लावल्या, एका खाचरास किती माणसे व किती वेळ लागला, पाऊस कधी थांबला, एवढे त्याने लिहावे. तो परतल्यावर त्याच्या वहीतील गणिते चौथीच्या वर्गाने सोडवावीत. यायोगे तीन आठवडे गेलेला मुलगा रिकाम्या हातांनी परत येत नाही. वर्गाजवळ नाही अशी माहिती घेऊन येतो. मजुरीसाठी दूर जाणाऱ्या कुटुंबातील मुलांनाही अशीच वही देता येईल; तेथील शाळेत त्यांना बसविण्याची खटपट शिक्षकाने फोनवरून अवश्य करावी. हे करीत असताना एक धोका ओळखला पाहिजे. शेतवही म्हणजे गैरहजेरीस दिलेली परवानगी नव्हे. पालकांची भेट घेऊन मूल शाळेत आणण्याचा प्रयत्न आधी, वही नंतर. आणि उपक्रमांचे आठ-दहा दिवसांत पुरे होणारे तुकडे पाडावेत. जून ते मार्च एकसंध चालणाऱ्या उपक्रमात मध्येच परतलेल्या मुलास शिरावयास जागा सापडत नाही.

मूल्यमापनासाठी निराळी परीक्षा नको. दर शुक्रवारी प्रत्येक गटातील दोन मुलांना, ठरवून निरनिराळ्या, ‘हे कसे काढलेस?’ एवढेच विचारावे आणि उत्तर एका ओळीत वहीत नोंदवावे. वर्षाअखेर त्या वहीचे मोल गुणपत्रकाहून कमी नसते.

सप्टेंबरअखेर पर्जन्यमापक काढताना एक दक्षता घ्यावी. नोंदवहीच्या पहिल्या पानावर बाटली कोणत्या जागी बसविली होती, नोंद किती वाजता होत असे, कोणकोणत्या मुलांनी ती घेतली, हे शिक्षकाने लिहून तारीख घालावी आणि वही शाळेच्या दप्तरात ठेवून प्रभार यादीत तिची नोंद करावी. बदली झाली की अशा वह्या जुन्या शिक्षकाबरोबर जातात किंवा रद्दीत जातात. नव्याने आलेल्या शिक्षकास पुढील जूनमध्ये त्याच जागी, त्याच वेळी बाटली लावता आली, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा स्तंभ पहिल्याच्या शेजारी उभा राहील. आणि गतवर्षी चौथीत असलेली मुले ती जागा दाखविण्यास वर्गात असतील.